ऑपरेशन आणि बीटा ब्लॉकरची गोळी: आठवडाभर आधीपासून घरी परतेपर्यंत, क्रमानं काय करायचं

ऑपरेशनची तारीख ठरली की बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी आवरणाऱ्या हृदयाच्या गोळीबाबत घरोघरी त्याच तीन चुका होतात. "उपाशी राहायला सांगितलंय" म्हणून सकाळची गोळी सोडली जाते. आदल्या रात्री बीपी जरा चढलेलं दिसलं की घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी गोळी "आजच्यापुरती" दिली जाते. तिसरी चूक सुशिक्षित घरांत जास्त दिसते: "आता ऑपरेशनच्या वेळी हृदय सांभाळायला इंजेक्शन असतं, मग गोळीचं एवढं काय?"

इंजेक्शन असतं, हे खरं. एस्मोलोल हे बीटा ब्लॉकरचं इंजेक्शन त्यातलं आमच्या रोजच्या वापरातलं. पण ते काही मिनिटं टिकतं आणि हृदयाला धोका असतो तो दोन-तीन दिवस. त्या इंजेक्शनचा नीट उपयोग व्हायचा असेल, तर आधीची आणि नंतरची कामं घरच्यांनाच करावी लागतात. हा लेख त्या कामांसाठी आहे. मी इंदूरमध्ये भूल देण्याचं काम करतो. रामबाग, लोकमान्य नगरातली मराठी कुटुंबं येतात, तसेच देवास, धार, खरगोनहून पहाटे निघून येणारेही येतात. चुका सगळीकडे सारख्याच असतात.

हा लेख वाचून कुणीही स्वतःच्या मनानं गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करायची नाही. काय विचारायचं, कुणाला आणि कधी, एवढंच इथे शिकायचं आहे.

## आधी एवढं समजून घ्या

हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. नाडी मिनिटाला ६० असेल तर एका ठोक्याला पूर्ण एक सेकंद मिळतो, १२० झाली की अर्धा. हा अर्धा सेकंद कापला जातो तो प्रामुख्यानं विश्रांतीच्या वेळातून. म्हणजे हृदयाचं काम वाढतं आणि त्याच वेळी त्याचा रक्तपुरवठा घटतो. रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील, तर अशा घटकेला स्नायूला इजा होते.

ऑपरेशनमध्ये नाडी उसळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: श्वासनलिकेत नळी घालताना, पहिला छेद घेताना, दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात वायू भरताना आणि शेवटी नळी काढताना. त्यानंतर वॉर्डात दुखणं, थंडी वाजून येणारा थरकाप आणि ताप.

बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरचा जोर कमी करतो. पण रोज गोळी घेणाऱ्याच्या शरीरात, दाबलेल्या त्या परिणामाला तोंड देण्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. गोळी अचानक बंद केली की त्या सगळ्या मोकळ्या होतात आणि नाडी व बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतं. छातीत दुखू लागतं, कधी हार्ट अटॅकही येतो. ऑपरेशनच्या ताणात हे नको.

## टप्पा १: गोळी नावानिशी ओळखा (सात-दहा दिवस आधी)

"बीपीची गोळी" हे नाव नव्हे. घरातल्या सगळ्या औषधांचा डबा टेबलावर रिकामा करा आणि प्रत्येक पट्टीवरचं घटकद्रव्याचं नाव वाचा. मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं. आपल्याला हवं ते बारीक अक्षरांतलं.

नावाचा शेवट "लोल" असा असेल, तर ते जवळजवळ नक्की बीटा ब्लॉकर: मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल, नेबिवोलोल, कार्व्हेडिलोल, प्रोप्रानोलोल, लॅबेटालोल. पॅन्टोप्राझोल किंवा पॅरासिटामोल यांत येत नाही.

चार ठिकाणी फसगत होते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

हृदयासाठी दिलेलीच नसते ती गोळी. प्रोप्रानोलोल अर्धशिशीला, हात थरथरण्याला, थायरॉइड वाढल्यावर, धडधडीला देतात. "हृदयाचं औषध चालू आहे का?" असं विचारल्यावर ही माणसं मनापासून "नाही" म्हणतात.

डोळ्यांचे थेंब. काचबिंदूसाठी दिलं जाणारं टिमोलोल हाही बीटा ब्लॉकरच आहे. थेंब नाकाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातो. त्यानं वयस्कर माणसाची नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो. थेंबांना कुणी औषधांच्या यादीत धरतच नाही. धरा.

एका गोळीत दोन औषधं. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल, किंवा अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटेनोलोल अशा जोडगोळ्या आपल्याकडे खूप चालतात. त्यातून काय अडचण होते ते टप्पा ४ मध्ये येईल. आत्ता फक्त दोन्ही नावं लिहून घ्या.

कापलेली पट्टी. दुकानदार पाच गोळ्या कापून देतो आणि नाव राहतं उरलेल्या भागावर. दवा बाजारातून घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, नाव, ताकद आणि मुदतीची तारीख असलेला तुकडाच मागून घ्या. नुसती चंदेरी पट्टी दाखवून आम्हाला काहीच कळत नाही.

आता एका कागदावर पाच गोष्टी लिहा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कधी, किती महिन्यांपासून, आणि शेवटचा डोस कधी घेतला. नावापुढे एक्सएल, ईआर किंवा एसआर अशी अक्षरं असतील तर तीही लिहा. ही दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी असते.

तपासा: फोनमध्ये प्रत्येक पट्टीचा फोटो आहे का? नाव आणि ताकद त्यात वाचता येते का? कागद हरवतो, फोटो राहतो.

## टप्पा २: चार-पाच दिवस नाडी आणि बीपी लिहून ठेवा

तपासणीच्या खोलीत सगळ्यांचीच नाडी वाढलेली असते. त्या एका आकड्यावरून तुमची रोजची नाडी किती, हे मला कळत नाही. म्हणून घरची नोंद हवी.

पाच मिनिटं शांत बसल्यावर, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मोजा. बीपीच्या यंत्रावर तिसरा आकडा नाडीचा असतो, तोही लिहा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर त्यावरही नाडी दिसते. काहीच नसेल तर अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा शॉर्टकट इथे नको, कारण ठोके अनियमित असतील तर तो फसवतो. ठोका मधूनच चुकल्यासारखा वाटला तर तसं शब्दांत लिहा.

सावध: बसल्या जागी नाडी ५० च्या खाली किंवा १०० च्या वर सतत येत असेल, उभं राहताना अंधारी येत असेल, किंवा दोन जिने चढताना आता मधेच थांबावं लागत असेल, तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ३: भूलपूर्व तपासणी, म्हणजे पीएसी

आपल्याकडे याला "फिटनेस घेणं" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. लोकांना वाटतं, ईसीजी काढला, शिक्का मिळाला, काम झालं. ही तपासणी शिक्क्यासाठी नसते, भूल कशी द्यायची हे ठरवण्यासाठी असते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी धावतपळत ती करू नका. शक्य असेल तर आठवडाभर आधी करा, कारण काही बदल करायचे झाले तर वेळ लागतो.

सोबत न्या: टप्पा १ चा कागद, नाडी-बीपीची वही, जुने ईसीजी आणि इको, स्टेंट किंवा बायपास झालं असेल तर त्याचं कार्ड. जुना ईसीजी विशेष महत्त्वाचा, कारण आजच्या ईसीजीतला बदल नवा की जुना हे त्याशिवाय सांगता येत नाही.

न विचारता सांगायच्या गोष्टी:

- दमा आहे का, लहानपणी होता का, पंप वापरता का. बीटा ब्लॉकरनं श्वासनळ्या आवळू शकतात.
- कधी चक्कर येऊन पडलात का, "हृदयात ब्लॉक आहे" असं कुणी सांगितलंय का. इथे एक फरक लक्षात ठेवा: रक्तवाहिनीतला ब्लॉक वेगळा आणि हृदयाच्या विद्युतमार्गातला ब्लॉक वेगळा. दुसऱ्यात नाडी आधीच मंद असते आणि हे औषध ती आणखी मंदावतं. कोणता होता ते माहीत नसेल तर रिपोर्टच दाखवा.
- पायांवर सूज, रात्री उशा वाढवून झोपावं लागणं.
- मधुमेह. साखर खाली गेली की होणारी थरथर आणि धडधड बीटा ब्लॉकर झाकून टाकतो. घाम मात्र येतो.
- मूत्रपिंडाचा आजार. अ‍ॅटेनोलोल मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, ते अशक्त असेल तर औषध शरीरात साचतं.

आता नवीन गोळी सुरू करण्याविषयी. "आईचं हृदय नाजूक आहे, ऑपरेशनच्या दिवशी एक गोळी देऊन टाका ना" अशी विनंती नातेवाईक करतात. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांना आग्रह करू नका. २००८ साली पॉइस नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ८,३५१ रुग्ण होते. आधी बीटा ब्लॉकर न घेणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या दोन ते चार तास आधी हळूहळू विरघळणाऱ्या मेटोप्रोलोलचा १०० मिलिग्रॅमचा डोस देऊन ती गोळी पुढे ३० दिवस चालू ठेवली. हार्ट अटॅक खरोखर कमी झाले: ५.७ टक्क्यांवरून ४.२ टक्के. पण मृत्यू २.३ वरून ३.१ टक्के झाले आणि पक्षाघात ०.५ वरून १ टक्क्यावर गेला. बीपी फार खाली जाणं आणि नाडी फार मंदावणं याचा त्यात मोठा वाटा होता. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला की हृदयाला वेग वाढवावा लागतो, आणि पोटात गेलेली लांब पल्ल्याची गोळी परत काढून घेता येत नाही.

म्हणून आजचा नियम असा आहे: जो आधीपासून घेतोय त्यानं चालू ठेवायची. नव्यानं गरज असेल तर आठवड्याहून अधिक आधी, लहान डोसपासून सुरू करून नाडी-बीपी बघत वाढवायची. ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा सुरू करायची नाही. शेजारच्या काकांची गोळी "एक दिवसासाठी" देणं हाही याच चुकीचा प्रकार आहे, तोही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय.

तपासा: पीएसीच्या खोलीतून निघण्याआधी हे वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्या: "ऑपरेशनच्या सकाळी ही गोळी घ्यायची / घ्यायची नाही, किती वाजता, किती पाण्याबरोबर." तोंडी ऐकलेलं घरी पोहोचेपर्यंत बदलतं.

## टप्पा ४: आदला दिवस

बीटा ब्लॉकरची संध्याकाळची किंवा रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

जोडगोळीची अडचण इथे उभी राहते. टेल्मिसार्टनसारखं औषध भूल दिल्यावर बीपी खूप खाली नेऊ शकतं, म्हणून ते बरेचदा २४ तास आधी थांबवायला सांगतात. मेटोप्रोलोल मात्र चालू ठेवायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असतील तर काय करायचं? गोळी सोडली तर मेटोप्रोलोलही सुटतं, घेतली तर टेल्मिसार्टनही पोटात जातं. उपाय सोपा आहे: त्या दिवसापुरतं नुसतं मेटोप्रोलोल वेगळं लिहून घ्यायचं. पण तो पीएसीच्या वेळीच विचारायला हवा. रात्री अकराला सुचलं तर चिठ्ठी कोण देणार? हृदय अशक्त असलेल्या काही रुग्णांत टेल्मिसार्टनही चालू ठेवतात, म्हणून हा निर्णय घरी घेऊ नका.

रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यातली काही औषधं काही दिवस आधी बंद करावी लागतात. "सगळ्या गोळ्या चालू" किंवा "सगळ्या बंद" असा एकच हुकूम चालत नाही. प्रत्येक गोळीपुढे स्वतंत्रपणे घ्या किंवा थांबवा असं लिहिलेलं हवं.

जेवण हलकं आणि वेळेत. तळलेलं, तेलकट खाल्लं तर आठ तासांचं अंतर धरतात, हलक्या खाण्याला सहा. दूध घातलेला चहा हलक्या खाण्यातच मोजला जातो, पाण्यात नव्हे. साधं पाणी सर्वसाधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ शेवटची.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी सकाळची गोळी आदल्या रात्रीच हातातल्या पिशवीत टाकावी. मोठ्या बॅगेत टाकलेली गोळी गाडीच्या डिकीत राहते, किंवा खरगोनलाच कपाटात.

## टप्पा ५: ऑपरेशनची सकाळ

क्रम असा:

१. उठल्यावर पाच मिनिटं बसून नाडी आणि बीपी मोजा, लिहा.

२. नाडी ५० च्या खाली किंवा वरचं बीपी १०० च्या खाली असेल, नव्यानं दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर थांबा. गोळी गिळण्याआधी रुग्णालयात फोन करा.

३. सगळं नेहमीसारखं असेल आणि कागदावर "घ्यायची" लिहिलं असेल, तर गोळी दोन घोट पाण्याबरोबर गिळा. दोन घोट म्हणजे साधारण ३० मिलिलिटर. यानं उपास मोडत नाही. चहाबरोबर, दुधाबरोबर नाही.

४. हळूहळू विरघळणारी गोळी चावू नका, कुटू नका. कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो.

५. वेळ कागदावर लिहा.

६. काचबिंदूचे थेंब किंवा दम्याचा पंप असेल तर सांगितल्याप्रमाणे वापरा आणि सोबत न्या.

सावध: इंदूरची सकाळ पोह्यांची आहे आणि माया दाखवायची आपली रीतही खाण्यातूनच जाते. "नंबर दुपारी आहे, चार घास खाऊन घे" असं म्हणून पोहे-जिलबी खायला घातलेला रुग्ण आला की ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे खाल्लेलं लपवणं. भूल दिल्यावर पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. खाल्लं असेल तर स्पष्ट सांगा, कुणी रागावणार नाही.

गोळी विसरलीच तर? लपवू नका आणि रुग्णालयात पोहोचल्यावर स्वतःहून गिळूही नका. भरती करणाऱ्या नर्सला आणि भूलतज्ज्ञाला सांगा. वेळ असेल तर ते तिथेच गोळी देतील, नसेल तर त्याप्रमाणे आखणी बदलतील. दोनदा घेतली गेली असेल तरी हेच.

## टप्पा ६: आत काय होतं

इथे तुमच्या हातात काही नसतं. तरीही वाचा, कारण आधी दिलेली माहिती आत कशी वापरली जाते ते इथे कळेल.

रुग्णाला टेबलावर घेतलं की ईसीजीच्या तारा, बीपीचा पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो. हृदयाचा धोका जास्त असेल तर मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून बीपी क्षणाक्षणाला बघतात. नाडी वाढली की लगेच बीटा ब्लॉकर टोचत नाहीत. आधी शोधतात, का वाढली? भूल उथळ आहे का, वेदना आहे का, रक्त गेलंय का, पाणी कमी पडलंय का, ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड बिघडलाय का, ताप आहे का. रक्त कमी झाल्यामुळे वाढलेली नाडी म्हणजे शरीर स्वतःला वाचवत असतं. ती औषधानं दाबली तर बीपी कोसळतं. म्हणून कारण आधी दुरुस्त करायचं, हे आमच्या शिकाऊ डॉक्टरांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. आकडा सुंदर दिसावा म्हणून औषध द्यायचं नसतं.

कारणं तपासून झाली, बीपी धरून आहे, आणि तरी नाडी हृदयाला परवडणार नाही एवढी आहे, अशा वेळी एस्मोलोल कामाला येतं. ते मुख्यतः हृदयावरच्या, अ‍ॅड्रेनॅलिन पकडणाऱ्या बीटा-१ नावाच्या जागांवर बसतं. तांबड्या रक्तपेशींतलं एक विकर ते फोडून टाकतं, त्यामुळे यकृत किंवा मूत्रपिंड अशक्त असलं तरी त्याचा परिणाम रेंगाळत नाही. साधारण नऊ मिनिटांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, अठरा मिनिटांत पावावर. ठिबक थांबवली की दहा ते तीस मिनिटांत परिणाम ओसरतो. मेटोप्रोलोलच्या बाबतीत हेच निम्मं व्हायला तीन ते सात तास लागतात. जपानमध्ये २००२ पासून वापरात असलेलं लँडिओलोल याहूनही झटपट आहे, चारेक मिनिटांत निम्मं.

परिणाम लवकर ओसरणं हाच याचा मोठा गुण आहे. अंदाज चुकला तरी थोड्याच वेळात माघार घेता येते. पॉइसमधल्या गोळीत ती सोय नव्हती.

डोस वजनावर ठरतो. पुस्तकी प्रमाण म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, एका मिनिटात हळू. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. वयस्कर किंवा अशक्त रुग्णाला आम्ही १०-२० मिलिग्रॅमच्या लहान हप्त्यांनी देतो आणि प्रत्येक हप्त्यानंतर बीपी बघतो. परिणाम टिकवायचा असेल तर मिनिटाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपासून सिरिंज पंपानं सुरू करून गरजेप्रमाणे वाढवतात. नळी घालताना नाडी उसळू नये म्हणून द्यायचं असेल तर मिनिट-दोन मिनिटं आधी. नळी गेल्यावर दिलेलं औषध उसळी ओसरल्यावर पोहोचतं, आणि मग बीपी विनाकारण खाली जातं.

कुणाला द्यायचं नाही, हे टप्पा ३ मध्ये सांगितलेल्या उत्तरांवरून ठरतं: विद्युतमार्गाचा ब्लॉक, आधीच मंद नाडी, खालावलेलं बीपी, हृदय अशक्त असल्यानं फुप्फुसात साचलेलं पाणी, चालू असलेला दमा. अ‍ॅड्रीनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असेल तर आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), मगच बीटा. उलट क्रमानं बीपी भयंकर चढतं.

सुटलेल्या गोळीची भरपाई एस्मोलोल का करू शकत नाही, हेही आता लक्षात येईल. टेबलावर असताना ते हृदय सांभाळेल. पण ठिबक थांबल्यावर अर्ध्या तासात रुग्ण पुन्हा गोळीविना असतो, आणि साध्या वॉर्डात हे ठिबक चालवत नाहीत. त्यासाठी सतत मॉनिटर आणि पंपावर लक्ष ठेवणारं माणूस लागतं.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस

ऑपरेशननंतर हृदयाला होणारी इजा बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत होते, आणि पुष्कळदा छातीत दुखतच नाही, कारण वेदनाशामकं चालू असतात. धोका जास्त असलेल्या रुग्णांत म्हणून रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं. ही तपासणी सांगितली तर "दुखत तर काहीच नाही" म्हणून नाकारू नका.

सोबत राहणाऱ्या माणसाचं काम:

पहिल्या राउंडलाच विचारा, "बीटा ब्लॉकरची पुढची गोळी कधी?" ऑपरेशननंतरच्या औषधांच्या कागदावर अँटिबायोटिक आणि वेदनाशामक असतात, जुनी गोळी पुन्हा लिहायची राहून जाऊ शकते. तोंडानं काही द्यायचं नसेल तर शिरेतून पर्याय द्यायचा का, हे डॉक्टर ठरवतील. नाकातली नळी असेल तर हळूहळू विरघळणारी गोळी कुटून त्यातून देऊ नये, दुसरा प्रकार लिहून घ्यावा लागतो.

गोळीनंतर लगेच उलटी झाली तर वेळ नर्सला सांगा. स्वतःहून दुसरी देऊ नका. आणि पिशवीतली घरची गोळी गुपचूप देऊ नका, वॉर्डातूनही तीच दिली जात असेल तर डोस दुप्पट होतो.

दुखणं सहन करायला लावू नका. "मर्दासारखं सोसायचं" हा सल्ला हृदयरोग्यासाठी चुकीचा आहे. दुखण्यानं नाडी वाढते. वेदनाशामक वेळेवर मागा.

लगेच बोलवा: दम लागणं, थंडगार घाम, छाती, जबडा किंवा डाव्या हातात दडपण, नाडी सतत १०० च्या वर किंवा ५० च्या खाली, ठोके नव्यानं अनियमित होणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, माणूस अचानक असंबद्ध बोलू लागणं. मधुमेह असेल आणि घाम सुटला तर आधी साखर मोजायला सांगा, थरथर नसली तरी.

## तातडीचं ऑपरेशन असेल तर

मांडीचं हाड मोडलं, आतडं अडकलं, अशा वेळी आठवडाभराची तयारी होत नाही. तेव्हा तीनच गोष्टी करा: पट्ट्यांचा फोटो दाखवा, शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा, दमा आणि ब्लॉक आहे की नाही ते सांगा. घरून निघताना औषधांचा डबाच उचलून आणला तर उत्तम. एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात रात्री तुमच्या जुन्या डॉक्टरांची फाइल कुणाकडे नसते.

## टप्पा ८: डिस्चार्ज

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की टप्पा १ चा कागद शेजारी ठेवा आणि एकेक औषध जुळवा. कार्डावर जुनी बीटा ब्लॉकरची गोळी नसेल तर दोन शक्यता आहेत: डॉक्टरांनी मुद्दाम थांबवली किंवा लिहायची राहिली. कोणती, ते तिथेच विचारा. "कार्डावर नव्हती म्हणून बंद केली" असं सांगत धडधड घेऊन परत येणारे रुग्ण दर थोड्या दिवसांनी दिसतात.

उलटही घडतं. रुग्णालयानं दुसऱ्या कंपनीची तीच गोळी लिहिली, घरी जुनी पट्टीही चालू राहिली, आणि चार दिवसांनी नाडी ४४. बारीक अक्षरांतलं नाव इथेही वाचा.

घरी आल्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तीच वही पुढे चालवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनाकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी चढू शकतं, किती दिवस घ्यायच्या ते ठरवून घ्या. गोळी पुढे बंदच करायची असेल तर हृदयाचे डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं कमी करून देतील, आणि तेवढे दिवस जिने, धावपळ, ओझी टाळायची. काचबिंदूचे थेंब मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचे नाहीत. फेरतपासणीला जाताना वही, डिस्चार्ज कार्ड आणि चालू पट्ट्या एकाच पिशवीत घालून न्या.